धूर कोणाचा, खर्च कोणाचा?
(सार्वजनिक धूम्रपानबंदी, व्यक्तिस्वातंत्र्य आणि आरोग्याचा खर्च : एक विचार)

द्वितीय वर्ष, कला

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, ‘सार्वजनिक ठिकाणची धूम्रपानबंदी हा व्यक्तिस्वातंत्र्यावरील घाला आहे.’ चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या. माझ्या वाट्याला प्रतिकूल बाजू आली. म्हणजे बंदी योग्य आहे, असे मला प्रतिपादन करावयाचे होते. मी दोन मुद्दे घेतले. पहिला, धूम्रपान करणारा माणूस शेजाऱ्याला इजा करतो. दुसरा, त्याच्या आजारपणाचा खर्च अखेर समाजाच्या माथी बसतो. आणि जो खर्च सोसतो त्याला बंदी घालण्याचाही अधिकार असतो. दुसऱ्या मुद्द्याला टाळ्या अधिक पडल्या.

रात्री तेच भाषण मी घरी म्हणून दाखविले. आई नेहमीप्रमाणे मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसली होती. आमच्या घरी तेलुगू बोलतात. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. आईने हात न थांबवता जे विचारले, त्याचा मराठीत अर्थ असा : ‘तुझ्या वडिलांच्या दुखण्याचे पैसे कोणत्या समाजाने भरले? आणि उद्या सगळ्यांनी विडी सोडली तर तुझी फी कशातून भरायची?’

स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यांनी हे दोन प्रश्न विचारले नव्हते. मला उत्तर देता येईना. म्हणून ग्रंथालयात बसून हा विषय पुन्हा मुळापासून वाचला. त्या वाचनातून जे मत बनले ते येथे मांडीत आहे. प्राध्यापकवर्गाला यातील बऱ्याच गोष्टी ठाऊक असतील. माझे चुकले असेल तेथे त्यांनी कान धरावा.

स्वातंत्र्याची मर्यादा

या वादात दोन्ही बाजूंचे लोक ज्याचा आधार घेतात तो विचारवंत म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल. त्याचा ‘ऑन लिबर्टी’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या विवेचनाचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल : समाजाने एखाद्या जाणत्या माणसावर सक्ती करावयाची झाल्यास त्याला एकच कारण पुरेसे आहे, ते म्हणजे दुसऱ्याला होणारी इजा टाळणे. त्याचे स्वतःचे भले व्हावे, हे सक्तीला पुरेसे कारण नव्हे. त्याला समजवावे, विनवावे, त्याच्याशी वाद घालावा. पण तो ऐकत नाही म्हणून शिक्षा करू नये.

आपल्याकडे आगरकरांनी व्यक्तिस्वातंत्र्याचा जो कैवार घेतला, त्यामागे मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांचे संस्कार होते, हे आपण अभ्यासतो. परंतु याच आगरकरांनी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा दिला होता. यात विसंगती नाही. अजाण मुलीला होणारी इजा ही घरातली खाजगी बाब आहे, असे त्यांना वाटले नाही. स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता प्रत्येक कायद्याच्या विरोधात उभा राहतो असे नाही. कायदा कोणाचे रक्षण करतो, हे तो आधी विचारतो.

हा विचार आमच्या शहरात पुस्तकाशिवायही लोकांना कळतो. माझे वडील यंत्रमागावर कामाला होते. मागाच्या शेडमध्ये विडी पेटवायची नाही, हा नियम. हवेत कापसाचा भुगा उडत असतो. एक ठिणगी पडली तर शेड जळून जाईल. म्हणून विडी ओढायची तर बाहेर यावे लागे. या नियमाने आपल्या स्वातंत्र्यावर घाला आला, असे मी आजवर एकाही कामगाराच्या तोंडून ऐकलेले नाही. आग सगळ्यांना दिसते, म्हणून तेथे वाद होत नाही. धुराने होणारी इजा दिसत नाही, म्हणून वाद होतो. तेव्हा खरा प्रश्न असा की, ही न दिसणारी इजा खरोखर आहे काय?

धूर शेजाऱ्याला बाधतो काय?

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधील रुग्णांच्या अभ्यासातून १९५० साली दाखवून दिला. पण तो ओढणाऱ्याचाच प्रश्न होता. मिलच्या कसोटीने पाहता तेवढ्यावरून बंदीचे समर्थन होत नाही.

दुसऱ्याच्या धुराविषयीचा महत्त्वाचा पुरावा जपानमधून आला. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १९६६ ते १९७९ या १४ वर्षांतली माहिती तपासली आणि १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे पती धूम्रपान करीत होते त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक होते. आणि पतीचे धूम्रपान जितके जास्त तितके हे प्रमाणही जास्त. या स्त्रियांनी आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता. तंबाखू उद्योगाने या निष्कर्षांवर पुष्कळ आक्षेप घेतले. परंतु १९८६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानेही मान्य केले की, दुसऱ्याच्या धुरामुळे न ओढणाऱ्या निरोगी माणसाला फुप्फुसाच्या कर्करोगासह इतर आजार होऊ शकतात.

येथे वादाचे स्वरूप पालटते. चार भिंतींच्या आत धूर सोडणारा माणूस स्वतःपुरते काही करीत नसतो. तो सर्वांनी मिळून वापरावयाची हवा एकट्याच्या पसंतीने वापरीत असतो.

आयर्लंडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २९ मार्च २००४ पासून तेथे मद्यालये व उपाहारगृहे धरून सर्व बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपानास बंदी झाली. असे देशभर करणारा तो पहिला देश. तेथे कायद्याचा मुख्य आधार होता कामगारांचे आरोग्य. गिऱ्हाईक तासभर बसून निघून जाते. पेले उचलणारी मुलगी मात्र रोज आठ तास त्या धुरात उभी असते. ‘आवडत नसेल तर दुसरीकडे जावे’ हे उत्तर गिऱ्हाइकाला देता येईल. पोटासाठी तेथे राबणाऱ्याला देता येणार नाही. आपल्याकडच्या हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पोऱ्यालाही नाही.

हरकत कोणी घ्यावी?

आपल्या देशातील कायद्याची वाटचाल पाहिली तर एक बारीक पण महत्त्वाचा फरक लक्षात येतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १६७ व्या कलमात अशी तरतूद करण्यात आली की, डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर धूम्रपान करता येणार नाही. केल्यास १०० रुपयांपर्यंत दंड. (संपूर्ण गाडीत बंदी घालण्याचा अधिकारही त्याच कलमाने रेल्वे प्रशासनाला दिला.) वाचताना ही हरकतीची तरतूद समंजस वाटते. दोघांनी आपसात ठरवावे, सरकारने मध्ये पडू नये. पण तान्हे मूल मांडीवर घेऊन बसलेली बाई समोरच्या चार गड्यांना ‘विड्या विझवा’ असे म्हणेल काय? माझी आई म्हणणार नाही. ती पदर नाकाला लावून खिडकीकडे तोंड करील. ज्याला बोलण्याचे बळ आहे त्यालाच संरक्षण, असा या तरतुदीचा व्यवहारातला अर्थ होतो.

पुढे ही भूमिका बदलत गेली. गोव्याने १९९७ साली धूम्रपान व थुंकणे यांना आळा घालणारा स्वतःचा कायदा केला. १९९९ साली केरळच्या उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हा सार्वजनिक उपद्रव ठरविला. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश झाला. दवाखाने, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, सभागृहे, रेल्वे व इतर सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास बंदी घालण्यात आली. न्यायालयाने आधार घेतला तो घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा, म्हणजे जीविताच्या हक्काचा. न ओढणाऱ्याचे जीवित दुसऱ्याच्या सवयीपायी धोक्यात का यावे, असा न्यायालयाचा सवाल होता.

त्यानंतर २००३ साली संसदेने तंबाखूविषयक कायदा केला आणि सार्वजनिक जागांसंबंधीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले. दंड २०० रुपयांपर्यंत. या कायद्याने ‘हरकत घेण्याचे’ ओझे दुबळ्या माणसाच्या खांद्यावरून उतरविले. माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण आहे. त्याने एकाचे स्वातंत्र्य थोडे आखडले हे खरे. पण ज्याला स्वातंत्र्य आहे हेही ठाऊक नव्हते अशा दुसऱ्याचे वाढविले.

खर्चाचे गणित

आता माझ्या भाषणातला टाळ्यांचा मुद्दा. खर्चाचे आकडे छाती दडपून टाकणारे आहेत. धूम्रपान आणि खाण्याचा तंबाखू या दोहोंमुळे होणाऱ्या आजारांचा व मृत्यूंचा भारतावर पडणारा आर्थिक भार २०१७-१८ साली १,७७,३४१ कोटी रुपये होता, असा अंदाज आहे. हा हिशेब ३५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांचा असून ती रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून थोडी अधिक भरते. प्रत्यक्ष औषधोपचाराचा भाग यात सुमारे २२ टक्के. उरलेला भाग मुख्यतः बुडालेल्या कमाईचा आणि अकाली मृत्यूंचा.

मग ‘समाज खर्च भरतो, म्हणून समाज बंदी घालतो’ असे म्हणण्यास हरकत काय? मला आता तीन हरकती दिसतात.

पहिली हरकत अशी की, हे गणित उलटेही मांडता येते. १९९७ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी असा हिशेब प्रसिद्ध केला की, त्याच वयाच्या इतरांपेक्षा धूम्रपान करणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च ४० टक्क्यांपर्यंत अधिक असतो हे खरे; परंतु कोणीच धूम्रपान केले नाही तर लोक अधिक जगतील, म्हातारपणाचे आजार वाढतील आणि दीर्घकाळात एकूण वैद्यकीय खर्च पुरुषांच्या बाबतीत ७ टक्क्यांनी व स्त्रियांच्या बाबतीत ४ टक्क्यांनी वाढेल. २००१ साली तर कहर झाला. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीसाठी चेक प्रजासत्ताकात एक अहवाल तयार करण्यात आला होता. धूम्रपान करणारे लवकर मरतात, त्यामुळे सरकारचा निवृत्तिवेतनावरचा व उपचारावरचा पैसा वाचतो, असे त्यात मांडले होते. जगभर संतापाची लाट उसळली आणि कंपनीला माफी मागावी लागली. पण नुसत्या संतापाने भागत नाही. माणसाच्या आजाराची किंमत खर्चाच्या वहीत मांडायची ठरविली, की त्याच्या मरणाची किंमत जमेच्या बाजूला मांडणारा कोणीतरी निघणारच. ती वही आपणच उघडलेली असते.

दुसरी हरकत, खर्चाची कसोटी कोठे थांबावी हे ती सांगत नाही. आपल्या महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीनुसार प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के लोक तंबाखू, मशेरी, गुटखा अशा बिनधुराच्या प्रकारांचे सेवन करतात. खर्च हाच बंदीचा आधार असेल तर पहाटे उठून चुलीपाशी मशेरी लावणाऱ्या आजीवर आधी खटला भरला पाहिजे. तसे कोणी म्हणत नाही. कारण तिची मशेरी घातक असली तरी ती शेजारणीच्या छातीत जात नाही. धूर आणि मशेरी यांत आपण जो फरक करतो तो इजेवरून, खर्चावरून नव्हे.

तिसरी हरकत माझ्या आईची. खर्च खरोखर भरतो कोण? इंग्लंडसारख्या देशात उपचार मुख्यतः सरकारी तिजोरीतून होतात; तेथे ‘करदात्याचा पैसा’ या शब्दांना वजन आहे. आपल्याकडे एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता. तो कमी होत २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट आहे. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजाऱ्याच्या घरातूनच जातात.

आमच्या घरातून ते असे गेले. वडिलांना दम लागू लागला तेव्हा मी अकरावीत होतो. फुप्फुसे निकामी होत चालली आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यात विडीचा वाटा किती आणि पंचवीस वर्षे छातीत गेलेल्या कापसाच्या धुळीचा किती, हे कोणी सांगू शकले नाही. भिशीचे पैसे गेले, मग आईच्या कानातले गेले. दहावी उत्तीर्ण झालेली माझी थोरली बहीण पुढे शिकणार होती. ती आईशेजारी दुसरे सूप घेऊन बसली. मला मात्र महाविद्यालयात पाठविले. ‘समाजावर पडणारा बोजा’ असे मी व्यासपीठावरून म्हणत होतो, तेव्हा तो बोजा कोणी उचलला हे मला पाहता आले असते. ती पहिल्या रांगेत नव्हती, घरी होती.

विडी वळणाऱ्यांचे काय?

आईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी म्हणजे विडीच्या उत्पादनास बंदी नव्हे. २००३ च्या कायद्याने ‘सार्वजनिक ठिकाण’ या व्याख्येतून मोकळी जागा वगळली होती. २००८ च्या नियमांनी रेल्वे स्थानक, बसथांबा, क्रीडांगण अशी लोकांची ये-जा असणारी ठिकाणे तेवढी पुन्हा बंदीखाली आणली. घर तर कायद्याबाहेरच राहिले. तेव्हा केवळ या बंदीने आईचे सूप रिकामे होणार नाही, असे मी तिला सांगू शकतो. पण हे अर्धेच उत्तर आहे. आज ना उद्या विडी कमी होणार, आणि व्हावी, असे माझेही मत आहे. तेंदूची पाने कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून हजारावर मजुरी मिळविणाऱ्या स्त्रियांच्या घरातही तंबाखूची धूळ असते. आम्ही भावंडे त्याच धुळीत वाढलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ साली मान्यता दिली. त्याच्या १७ व्या अनुच्छेदात तंबाखूवर पोट असणाऱ्या कामगारांना, शेतकऱ्यांना व लहान विक्रेत्यांना परवडेल असा दुसरा रोजगार मिळवून देण्यास साह्य करावे, असे म्हटले आहे. बंदीची कलमे आपण उत्साहाने वाचतो. हे कलमही त्याच कागदावर आहे. विडी कामगार स्त्रिया संघटित झाल्या तर काय होऊ शकते, हे सोलापूरने पाहिले आहे. कुंभारी येथे त्यांच्या सहकारी संस्थेने उभारलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे २००६ साली त्यांच्या स्वाधीन झाली. ज्यांनी स्वतःची घरे उभारली त्यांना दुसरा धंदा शिकता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. मात्र आधी धंदा आणि मग उपदेश, असा क्रम हवा.

कायद्यातील एक विषमताही सांगितली पाहिजे. २००३ च्या कायद्याने ३० किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, ३० किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ येथे धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची मुभा दिली. विमानाने जाणाऱ्याच्या सिगारेटला खोली आणि बसथांब्यावरच्या हमालाच्या विडीला दंड, असे त्याचे चित्र दिसते. २०१६-१७ च्या पाहणीत देशातील ७.७ टक्के प्रौढ विडी ओढणारे होते, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के. विडी हे गरिबाचे व्यसन आहे. इजा हाच आधार असेल तर धुराची जात पाहून सवलत देता येणार नाही. ती बंद खोली झाडणाऱ्या माणसालाही फुप्फुसे असतात.

समारोप

सारांश, बंदी योग्य आहे असेच माझे मत आजही आहे. पण तिचा आधार मी बदलला आहे. दुसऱ्याच्या श्वासाचे रक्षण करण्यासाठी सक्ती करता येते. दुसऱ्याच्या आजाराचे पैसे मोजून सक्ती करू नये. आजारी माणूस हा समाजाचा कर्जदार नव्हे, आणि आपल्या देशात तर कर्ज त्याच्याच घरावर चढलेले असते. जेथे इजा फक्त स्वतःची आहे तेथे समजूत, मदत आणि व्यसन सोडविण्याची सोय असावी. घरातल्या धुरापर्यंत तर कायदा पोहोचतच नाही. वर सांगितलेल्या पाहणीत देशातील ३८.७ टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असे आढळले. तेथे बोलायचे काम आपल्यासारख्या शिकलेल्या मुलामुलींचेच आहे, आणि ते भाषणाइतके सोपे नाही.

वडिलांनी आता विडी सोडली आहे. किंवा दम पुरत नाही म्हणून विडीने त्यांना सोडले, असेही म्हणता येईल. यंदा वादविवाद स्पर्धेत पुन्हा हाच विषय निघाला तर मी त्याच बाजूने बोलेन. दुसरा मुद्दा गाळीन. टाळ्या कमी पडतील. पण ते भाषण घरी जाऊन आईला आणि बहिणीला पुन्हा म्हणून दाखविताना मला खाली पाहावे लागणार नाही.